चाचांच्या गावचे पाणी

विद्यार्थ्यांची नेतृत्व कार्यशाळा म्हटली की हल्ली दुबई, मलेशिया, निदान हैदराबाद अशी नावे निघतात. आमच्या बैठकीतही निघाली. पण आमची मुले कोण? आठवी-नववीतली चौदा मुले-मुली, सोलापूरच्या नई जिंदगी, शास्त्रीनगर, विजापूर वेस या भागांतली. कोणाचे अब्बा यंत्रमागावर, कोणाचे रिक्षावर, बहुतेकांच्या आया विड्या वळतात नाहीतर टॉवेलला शिलाई मारतात. माणशी पाचशे रुपयांवर एक पैसा मागायची सोय नव्हती. पाचशे रुपयांत परदेश कुठला येणार?

जागा ठरली ती वर्गातल्या एका प्रश्नावरून. आपल्या नळाचे पाणी कुठून येते, असे सहज विचारले होते. "टाकीतून." टाकीत कुठून येते? "मोटारीतून." मोटारीच्या पलीकडे कोणी जाईना. शेवटी मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "उजनी." उजनी कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हते. ज्या पाण्याची चार-चार, पाच-पाच दिवस वाट बघायची, ज्यासाठी रात्री दोनला उठून घागरी लावायच्या, ते पाणी वर्गातल्या एकानेही पाहिलेले नव्हते. मग ठरवले की तीन दिवस उजनीच्या काठावर काढायचे. एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपल्या आणि आम्ही निघालो. आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको, दोघेही शिक्षक, आणि सोबत एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे आपा म्हणतात.

रेल्वेने गेलो. कुर्डुवाडी गेली, केम गेले, जेऊर सोडले तशी मुले खिडक्यांना चिकटली. ऊस, मग केळीच्या बागा, मग पुन्हा ऊस. या करमाळा तालुक्यातल्या कंदरची केळी परदेशात जातात, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, "सर, केळी गेली परदेशात, आपण फक्त पारेवाडीपर्यंत!" पारेवाडी स्टेशनवर उतरलो. बाहेर पाटीवर केत्तूर, पुढे 'नं. २' असे लिहिलेले. केत्तूर क्रमांक एक, क्रमांक दोन. चिखलठाण क्रमांक एक, क्रमांक दोन. गावांना असे शाळेच्या तुकड्यांसारखे क्रमांक का, असे मुलांनी विचारले तेव्हा आम्ही "संध्याकाळी कळेल" म्हणालो. खरे तर आम्हालाही नीट ठाऊक नव्हते.

आमचा मुक्काम पाण्यापासून हाकेच्या अंतरावरच्या एका वस्तीवर, एका मुलाणी कुटुंबाकडे होता. घरमालक साठीचे. पहिल्या तासातच ते सगळ्यांचे चाचा झाले आणि त्यांच्या घरवाल्या चाची. मुलींसाठी घरातली मोठी खोली, मुलांसाठी केळी ठेवायची शेड. सोबत आणलेला प्रोजेक्टर तसाच पिशवीत राहिला, कारण दुपारी वीजच नव्हती. 'नेत्याचे सात गुण' असा रंगीत तक्ता आम्ही दोन रात्री जागून केला होता. तो शेडच्या पत्र्याला चिकटवला, वारा सुटला आणि सातही गुण उसाच्या फडात गेले. मुले हसून लोळली. आम्हाला तेव्हा हसू आले नाही.

कार्यशाळेची एकच गोष्ट आम्ही कागदाबाहेर ठरवली होती. प्रवासाला तिघे निघाले तरी त्यांनी आपल्यातला एक अमीर नेमावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्याप्रमाणे रोज फजरच्या नमाजनंतर शूरा बसेल, चिठ्ठ्यांनी त्या दिवसाचा अमीर निवडला जाईल आणि त्या दिवशीचा शेवटचा शब्द त्याचा. आम्हा मोठ्यांनाही तो पाळावा लागेल, हे आम्ही मोठ्या उत्साहाने जाहीर केले. जाहीर करताना सोपे वाटते.

नमाजचीही गंमत झाली. आम्ही मुसाफिर, त्यामुळे जोहर, असर, इशा दोन-दोन रकात. मुले या सवलतीवर खूश होती. पण गावच्या छोट्या मशिदीत इमामत चाचांची. मुकीम इमामाच्या मागे उभे राहिले की मुसाफिरालाही पूर्ण चार पढाव्या लागतात, हे आपांनी समजावले तेव्हा दोघा-तिघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. "सर, तुम्हीच पढवा ना," असा अर्ज इशापर्यंत येत राहिला.

संध्याकाळी चाचा आम्हाला पाण्याकडे घेऊन गेले. उजनीचा जलाशय पहिल्यांदा बघणाऱ्याला तो धरणाचा वाटतच नाही, समुद्राचा वाटतो. भीमा नदी अडवून इथून दूर, माढा तालुक्यात उजनी गावाजवळ भिंत बांधली. १९६६ साली पायाभरणी झाली, १९८० साली काम पुरे झाले. जलाशयाला नाव दिले यशवंतसागर. पाणी करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत अशा तालुक्यांत पसरलेले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा. पातळी त्याच्या खाली गेली की वर्तमानपत्रात 'उजनी उणे' असे येते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली होती. "मेलेलं पाणी आपण पितो?" असे एका मुलीने घाबरून विचारले. आम्ही समजावले की पाणी मरत नाही, ते कालव्याच्या तोंडापेक्षा खाली असते म्हणून आपोआप वाहत नाही, एवढेच. चाचा ऐकत होते. म्हणाले, "मास्तर, त्या मेलेल्या पाण्याच्या बी खाली आमचं गाव हाय."

आणि त्यांनी बोट दाखवले. पाणी मागे हटलेले होते. वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळापलीकडे काळ्या दगडांची एक रांग दिसत होती, एखाद्या जोत्याची. तिथे जुने गाव. तिथून उठवलेली माणसे वर माळावर येऊन बसली आणि गावाचे नाव सोबत घेऊन आली. नाव एक आणि ठिकाणे दोन झाली की क्रमांक लागले. मुलांना सकाळच्या पाटीचे उत्तर मिळाले. रेल्वेसुद्धा हलली. मुंबई-सोलापूरचा जुना लोहमार्ग खालून, नदीच्या अंगाने जात होता. तो बुडणार म्हणून आताचा मार्ग वरून टाकला. तिकडे डिकसळजवळ भीमेवरचा इंग्रजांच्या काळातला रेल्वेचा दगडी पूल उरला, त्यावरून पुढे मोटारी, ट्रॅक्टर जाऊ लागले. पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात आहे. उन्हाळ्यात ते वर आले की लोक फोटो काढायला जातात.

चाचा मात्र फोटोच्या गोष्टी बोलत नव्हते. ते दहा-बारा वर्षांचे असताना गाव उठले. घराची वासे-पाटणी बैलगाडीत भरली, चौकट काढून घेतली. ती चौकट आजही त्यांच्या पुढच्या दाराला आहे. आम्ही सकाळपासून तिच्याखालून दहा वेळा गेलो होतो. "अब्बा सगळं काढून आणले," चाचा म्हणाले, "कबरस्तान कसं आणणार?" त्यांच्या दादा-दादीच्या कबरी खाली आहेत. ज्या वर्षी पाणी खूप उतरते त्या वर्षी ते आणि त्यांचे भाऊ गाळ तुडवत जातात, अंदाजाने एका जागी उभे राहतात आणि फातिहा पढून परत येतात. जागा बरोबर असते का? "अल्लाहला तर ठाऊक हाय ना," ते म्हणाले.

मुले गप्प झाली. परत येताना एक मुलगा आमच्या अगदी जवळून चालत होता. हळूच म्हणाला, "सर, मग आपल्या नळाला येतं ते यांच्या कबरस्तानावरचं पाणी?" आम्ही हो म्हणालो. जवळजवळ सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांबून आलेल्या मुलाला आणखी काय सांगायचे असते?

रात्री जेवायला मासे होते. उजनीत चिलापी उदंड. शिवाय रोहू, कटला, मरळ. चाचांचे शेजारी तात्या भोई समाजातले, त्यांनी दुपारीच टोपलीभर आणून दिले होते. चाचीने चिलापीला हळद-मीठ-लसूण चोळून तव्यावर कडक भाजले आणि कटल्याचे काळ्या मसाल्यातले कालवण केले. बरोबर मालदांडी ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी आणि कच्चा कांदा. शहरात आमच्या मुलांच्या घरी मासे महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, तेही बर्फातले. इथे एकेकाने चार-चार तुकडे खाल्ले. माशाला जबिह्याचा प्रश्न नाही, त्यामुळे तात्यांच्या घरून आलेली कढई आमच्या पंगतीत आणि चाचीची कढई त्यांच्या पंगतीत अशी ये-जा तिन्ही दिवस चालू होती. तात्यांच्या घरची वांब चाचीच्या हातच्या कालवणापेक्षा सरस होती, असे आमचे प्रामाणिक मत. चाचींनी हा अंक वाचू नये.

पण पिण्याचे पाणी जारचे. समोर क्षितिजापर्यंत पाणी आणि चाचा वीस लिटरचा जार विकत घेतात! वर पुण्याकडून येणारी घाण नदीतून जलाशयात येते. काठाला हिरवट शेवाळी तवंग दिसतो. शेतीला हेच पाणी, प्यायला जार. आमच्याकडे पाचव्या दिवशी येते म्हणून रडणारी मुले हे पाहून जरा चक्रावली.

त्याच रात्री शेडसमोर बसून तात्यांनी कुगावची गोष्ट सांगितली. कुगाव याच तालुक्यातले. समोरच्या तीरावर इंदापूर तालुक्यातले कळाशी. रस्त्याने फार मोठा वळसा, पाण्यातून थोडेसे अंतर, म्हणून लोक बोटीनेच ये-जा करतात. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी या दोन गावांच्या मधे बोट वादळी वाऱ्यात सापडून उलटली. सहा जण गेले, त्यांत लहान लेकरेही होती. तात्या एवढेच म्हणाले, "पाणी आमचं पोट हाय. पर त्याला आमची वळख नाही." आपांनी सगळ्यांना दुआ करायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी शूरेत चिठ्ठ्या उघडल्या आणि अमीर निघाली नववीतली एक मुलगी. वर्गात तिचा आवाज आम्ही क्वचितच ऐकला होता. आई विड्या वळते आणि ही तिला रोज संध्याकाळी पाने कापून देते. मुलींनी ठरवून तिला मते दिली होती, हे उघड होते. मुलांमध्ये कुजबुज झाली. एकाने तर "लडकी अमीर?" असे मोठ्यानेच म्हटले. आपांनी त्याला बसवून हुदैबियाचा प्रसंग सांगितला. हिजरी सन ६. तह झालेला, मक्केला न जाता परत फिरायचे, सहाबा दुःखात, कुर्बानी करून केस उतरवा असे सांगूनही कोणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी सल्ला दिला की आपण कोणाशी न बोलता बाहेर जाऊन स्वतः कुर्बानी करावी. प्रेषितांनी (स.) तसेच केले आणि पाठोपाठ सगळे उठले. मुलगा गप्प बसला. पटले म्हणून की आपांना भिऊन, ते सांगता येत नाही.

त्या दिवशीचे मुख्य आकर्षण होते बोट. फ्लेमिंगो, चित्रबलाक, शेकाटे बघायला आत जायचे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब एव्हाना परत गेले होते, पण फ्लेमिंगोंचा एक थवा अजून होता. पक्षी बघायची वेळ सकाळची. सकाळी आम्ही काय केले? 'संवादकौशल्य' या विषयावर व्याख्यान दिले. ते लांबले. मग ऊन चढले. निघेपर्यंत असर झाली होती. ही चूक आमची, दुसऱ्या कोणाची नाही.

काठावर पोहोचलो. तात्यांनी बोट तयार ठेवलेली. पश्चिमेला, पुणे जिल्ह्याच्या बाजूला, एक काळपट ढग होता. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. मुले चपला काढून धावलीच. अमीर मात्र बोटीजवळ उभी राहून काहीतरी मोजत होती.

"तात्या, जॅकेट नऊच आहेत."

आम्ही सतरा जण. दोन खेपा करू, तात्या म्हणाले. दुसऱ्या खेपेला अंधार होईल, ती म्हणाली. मग एकाच खेपेत लहान मुलांना जॅकेट देऊ, असे आम्ही म्हणालो. होय, आम्हीच म्हणालो. पैसे आधीच दिलेले होते, मुले दोन दिवस याच गोष्टीची वाट बघत होती, शिवाय तात्या जन्मभर या पाण्यावर जगलेले. आमच्या मनात हेच होते आणि ते वाईट हेतूने नव्हते.

तिने तात्यांना विचारले, "तात्या, तुमच्या नातवाला आत्ता घेऊन गेला असता का? जॅकेटशिवाय?"

तात्यांनी एकदा ढगाकडे पाहिले, एकदा पाण्याकडे. उत्तर दिले नाही. वाकून दोरी पुन्हा खुंट्याला गुंडाळायला लागले.

"नाही जायचं," ती म्हणाली.

यानंतरची दहा मिनिटे आम्हाला आठवायला आवडत नाहीत. मुले चिडली. एक जण रडला. एकाने तिला डरपोक म्हटले. आणि आमच्यापैकी एकाने, कोणी ते लिहीत नाही कारण दोघांनाही तेच म्हणायचे होते, म्हटले, "बेटा, तू अमीर आहेस हे खरं, पण हा निर्णय मोठ्यांचा आहे." ती आमच्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले, पण जागची हलली नाही. म्हणाली, "मग सर, काल म्हणालात ते फक्त भांडी कोणी घासायची यासाठी होतं का?"

आपा मागून पुढे आल्या. त्यांनी आम्हा दोघांना काही सुनावले नाही. मुलांना म्हणाल्या, उंट आधी बांधायचा, मग अल्लाहवर भरवसा ठेवायचा, ही हदीस तुम्ही सगळ्यांनी पाठ केली आहे ना? चला, वुजू करा, मगरिब जवळ आली. आणि आम्ही सगळे, अमीराच्या मागे, परत चालायला लागलो.

वादळ आले नाही. ढग उत्तरेकडे सरकला, वारा पडला, पाणी आरशासारखे झाले. सूर्य इतका सुंदर बुडाला की मुलांना आणखी चीड आली. "बघ, काही झालं नसतं," असे तिला जेवताना दोघांनी ऐकवले. ती म्हणाली, "नसतं झालं." आणि भाकरी मोडत राहिली. वादळ आले असते तर आमची केवढी सोय झाली असती, असा एक चोरटा विचार तेव्हा मनात आला होता. रात्री आम्ही दोघे बराच वेळ झोपलो नाही. शेवटी उठून तिला सांगितले की चूक आमची होती. ती लाजली, आणि "मॅडम, उद्या फजरनंतर लगेच जाऊ शकतो, तात्यांना मी विचारलंय" म्हणाली. म्हणजे ती आमच्या माफीसाठी थांबलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी अमीर दुसरा होता. "लडकी अमीर?" विचारणारा तोच. त्याने पहिले काम केले ते जॅकेट मोजायचे. अजून चार जॅकेट तात्यांनी पहाटेच पुतण्याकडून आणली होती. पहिली खेप नऊ जणांची, दुसरी आठ जणांची. प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, जादा पैसे नाहीत. पाण्यावरून उगवतीचा प्रकाश आडवा येत होता. उथळ पाण्यात फ्लेमिंगो माना उलट्या घालून चरत होते. बोटीचे इंजिन बंद करून तात्यांनी बांबूने बोट ढकलली. मग दूरवरून एकाएकी सगळा थवा उठला आणि पंखांखालचा गुलाबी-लाल रंग उघडा पडला. चौदा मुलांपैकी एकाच्याही तोंडून आवाज निघाला नाही. कोणीतरी अगदी हळू "सुब्हानल्लाह" म्हणाले.

परत येताना तात्यांनी बोट मुद्दाम त्या काळ्या दगडांजवळून आणली. पहिल्या खेपेत चाचाही होते. ते उठून उभे राहिले, तात्यांनी बांबू रोवून बोट स्थिर धरली. चाचांनी हात उचलले. मुलांनी कोणी न सांगता उचलले. तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. खाली हिरवे, गढूळ पाणी होते, काही दिसत नव्हते.

दुपारच्या गाडीने निघालो. चाचीने केळीचा एक अख्खा घड दिला, जो कुर्डुवाडी येईपर्यंत संपला. स्टेशनवर चाचा अमीर मुलीला म्हणाले, "बेटी, पुढच्या साली पाऊस झाला की ये. तवा दगड बी दिसत न्हाईत, नुसता दर्या दिसतो." ती म्हणाली, जॅकेट मात्र सगळ्यांना पुरतील एवढी ठेवा.

सोलापुरात आल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे अडीच वाजता आमच्या फोनवर निरोप आला. कबरस्तानाचा प्रश्न विचारणारा तो मुलगा. मागे घागरीत पाणी पडल्याचा आवाज, त्याच्या अम्मीची गडबड, आणि मधे त्याचा झोपाळू आवाज: "सर, चाचा के गाँव का पानी आया."